वृद्धांचें भाजणें आणि रक्तांतील साखर

सातारा-सांगलीकडील पुष्कळ जुन्या घरांत समई, निरांजन व न्हाणीघरांतील तांब्याचा बंब हे अद्याप नित्याचे सोबती आहेत. वयस्क मंडळींचा हात कांपतो, पदर ज्योतीवर जातो. मधुमेहानें बधिर झालेल्या पायांना तर कढत पाण्याचा चटका वेळेवर कळतहि नाहीं. असें भाजणें तरुणापेक्षां वृद्धास अधिक कां भोंवतें, हें प्रत्येक गृहिणीनें समजून घेणें अगत्याचें आहे.

मोठ्या भाजण्यानें केवळ कातडीच जळत नाहीं, सर्व शरीर खळबळून उठतें. अॅड्रिनलिन, कॉर्टिसॉल इत्यादि स्राव वाढतात, यकृत रक्तांत साखर ओतूं लागतें आणि इन्शुलिनचा प्रभाव मंदावतो. त्यामुळें पूर्वीं मधुमेह नसलेल्याचीहि साखर चढते, जखम भरण्यास विलंब लागतो व जंतूंचें फावतें. स्नायूहि झपाट्यानें झिजतात. आणि वृद्धाजवळ ही शिल्लक मुळांतच थोडी.

इन्शुलिन साखर उतरवितें. परंतु ती फाजील उतरल्यास जिवावर बेततें. म्हणून संशोधकांची दृष्टि मेटफॉर्मिनकडे वळली. हें औषध १९२२ सालीं प्रयोगशाळेंत तयार झालें व १९५७ सालीं फ्रान्समध्यें जाँ स्टेर्न यांनीं मधुमेहावरील त्याचा उपयोग प्रसिद्ध केला. तें यकृताच्या साखर-निर्मितीस आळा घालतें, व एकटेंच दिलें असतां साखर सहसा प्रमाणाबाहेर उतरवीत नाहीं. २०१६ सालीं प्रसिद्ध झालेल्या टोरांटो येथील प्रयोगांत, गंभीर भाजलेल्यांची साखर आवरण्यांत तें इन्शुलिनच्या तोडीचें ठरलें. रुग्ण मात्र थोडे होते. तेवढ्यावरून वृद्धांसाठीं सरसकट नियम बांधतां येत नाहीं. मूत्रपिंडें दुबळीं असल्यास याच औषधामुळें रक्तांत लॅक्टिक आम्ल साचण्याचें भय असतें. म्हणून घरांतील मधुमेह्याच्या डबींतील गोळी भाजलेल्यास परस्पर देणें सर्वथा वर्ज्य होय.

घरच्यांचें कर्तव्य निराळें आहे. भाजलेला भाग वीस मिनिटें साध्या थंड वाहत्या पाण्याखालीं धरावा. बाकीचें अंग उबदार ठेवावें. बर्फ, तूप, शाई यांपैकीं कांहींहि लावूं नये. स्वच्छ कापडानें झांकून त्वरित रुग्णालय गांठावें. १८९४ सालीं डॉ. विल्यम वॉन्लेस यांनीं मिरजेस रुग्णालय उभारल्यापासून या भागास वैद्यकीय सेवेची परंपरा आहे. मिरजेस १९६२ सालीं शासकीय वैद्यकीय महाविद्यालयहि निघालें. तेथें जातांना नित्याच्या औषधांची यादी बरोबर न्यावी, आणि रुग्णास मधुमेह नसला तरी “साखर पाहिली का?” असें नि:संकोच विचारावें. औषध कोणतें द्यावयाचें हें डॉक्टरांनीं ठरवावें. पण त्यांना पुरती माहिती वेळेवर देणें हें मात्र आपलेंच काम आहे.