‘हॅव’ या क्रियापदाचे अर्थ आणि मराठीची रचना

इंग्रजीतील ‘हॅव’ हे क्रियापद शाळेत ‘जवळ असणे’ या अर्थाने शिकविले जाते. मराठीत त्यास एकशब्दी पर्याय नाही. त्यावरून मराठी येथे उणी पडते, असा समज पदव्युत्तर वर्गापर्यंत टिकून राहतो. त्याची छाननी करणे हा प्रस्तुत टिपणाचा हेतू आहे.

प्रथम व्युत्पत्ती पाहू. जुन्या इंग्रजीतील ‘हाब्बान’ व जर्मन ‘हाबेन’ ही रूपे सजातीय होत. लॅटिन ‘हाबेरे’शी त्यांचे साम्य मात्र भासमान आहे. ग्रिमच्या ध्वनिनियमानुसार जर्मानिक ह-काराच्या जागी लॅटिनमध्ये क-कार अपेक्षित असल्याने ‘घेणे, पकडणे’ या अर्थाचे ‘कापेरे’ हेच त्यांचे खरे आप्त ठरते. अर्थात, स्वामित्व हा ‘हॅव’चा मूलार्थ नव्हे.

आज हे क्रियापद नाते, मालकी, गुण व व्याधी या भिन्न संबंधांस एकाच साच्यात बसविते. मराठी त्यांत भेद करते: ‘मला दोन भाऊ आहेत’, ‘माझ्याजवळ पैसे आहेत’, ‘तिच्यात धैर्य आहे’, ‘त्याला ताप आहे’. ‘माझ्याजवळ दोन भाऊ आहेत’ असे म्हटल्यास ते भाऊ वक्त्यापाशी आहेत वा राहतात, एवढाच बोध होईल. ‘असणे’ या धातूवर आधारलेली स्वामित्वरचना रशियन भाषेतही रूढ आहे. लॅटिनमध्ये ती ‘हाबेरे’च्या जोडीने नांदत होती.

‘हॅव’चे साहाय्यक रूप अधिक उद्बोधक आहे. ‘माझ्यापाशी पत्र लिहिलेले आहे’ अशा आशयाच्या रचनेतून इंग्रजी पूर्णकाळ उद्भवला. जुन्या इंग्रजीत धातुसाधित काही वेळा कर्माशी जुळतही असे. ती जुळणी इंग्रजीने गमावली. मराठीत मात्र ‘त्याने चिठ्ठी लिहिली आहे’, ‘त्याने पत्र लिहिले आहे’ अशी ती आजही जिवंत आहे. तसेच कर्तव्यवाचक ‘हॅव टू’ जे सांगते, ते मराठी ‘मला जायचे आहे’ किंवा ‘मला जावे लागते’ असे, हेतू व सक्ती वेगळी राखून सांगते.

तात्पर्य, प्रतिशब्दाचा अभाव म्हणजे अर्थाचा अभाव नव्हे. इंग्रजीत जे ओझे एका क्रियापदावर पडते, ते मराठीत विभक्ती, शब्दयोगी अव्यये व कृदन्ते वाटून घेतात. भाषांतर करताना ‘हॅव’ला पर्याय शोधण्यापूर्वी तेथे कोणता संबंध अभिप्रेत आहे, हे अभ्यासकाने आधी ठरवावे.