माहेरचं बाळंतपण आणि रेसिडेन्स कार्ड

आम्ही मूळचे बडोद्याचे, नोकरीमुळे टोकियोत राहतो. पहिलं बाळंतपण माहेरी, हे घरात ठरलेलंच होतं. अडचण आली ती बायकोच्या रेसिडेन्स कार्डावरच्या तारखेची.

जपानमध्ये २०१२ पासून वर्षाच्या आत परतणार असाल तर वेगळा री-एन्ट्री परवाना लागत नाही. विमानतळावरच्या फॉर्मवर एका चौकटीत खूण करायची, बस्स. (ती मात्र विसरू नका, राहण्याचा हक्कच जातो!) पण कार्डाची मुदत त्याआधी संपत असेल, तर मुदतीच्या आत परतावंच लागतं. पाच वर्षांचा परवानाही त्या तारखेपुढे जात नाही. मुदतवाढीचा अर्ज शेवटच्या ३ महिन्यांत, तोही जपानमध्ये असतानाच. हिच्या कार्डाचे ५ महिने उरले होते आणि हिला सातवा लागलेला. म्हणजे दोन-अडीच महिन्यांचं बाळ घेऊन धावत परतायचं, शिवाय बाळाच्या व्हिसाचे कागद वेगळेच.

सासूबाई म्हणाल्या, “मग मीच येते.” ९० दिवसांच्या व्हिसावर आल्या, डिंकाच्या लाडवांसकट. बाळाची नोंद १४ दिवसांत वॉर्ड ऑफिसात केली, ३० दिवसांच्या आत त्याच्या व्हिसाचा अर्ज दिला. हिच्या मुदतवाढीचा अर्जही त्याच सुमारास गेला. नवं कार्ड हातात आल्यावर बडोद्याची तिकिटं काढली, तीन.