तबकडीवरचा कुत्रा

भोकरच्या बाजारात जुन्या सामानात कधी गाण्याची तबकडी दिसली, तर हातात घेऊन पाहा. काळी, ताटासारखी. पुष्कळ तबकड्यांवर मधल्या कागदावर एक चित्र असते. कर्ण्यापुढे कुत्रा बसला आहे. मान तिरकी, कान कर्ण्याकडे.

हे चित्र काय सांगते? कुत्रा सहजी फसत नाही. तोच कान लावून बसला, म्हणजे आवाज हुबेहूब धन्याचा! चित्राचे नावही तेच, 'धन्याचा आवाज'.

फ्रान्सिस बॅरॉड या इंग्रज चित्रकाराने हे १८९८ साली रंगवले. कुत्रा निपर. तो आधी बॅरॉडच्या भावाचा. भाऊ १८८७ साली वारला. पहिल्या चित्रात नळकांड्याचे यंत्र होते. त्यात घरच्या माणसाचे बोल भरून ठेवता येत. १८९९ साली ग्रामोफोन कंपनीने चित्र विकत घेतले, पण त्यावर आपले तबकडीचे यंत्र रंगवून घेतले. या यंत्रात घरी आवाज भरता येत नसे, नुसता ऐकता येई. मग धन्याचा आवाज आला कुठून? पण हे विचारतो कोण! चित्र लोकांच्या मनात बसले ते बसलेच.

तबकडीच्या कागदी पाकिटाला मधोमध गोल भोक असे. त्यातून कुत्रा दिसे. अक्षर न येणारा माणूसही म्हणे, "ही कुत्र्याची तबकडी, बरं का." गाणे कोणाचे, हे मात्र कुत्रा सांगत नसे. ते खाली बारीक अक्षरांत असे. ते कोणाकडून तरी वाचून घ्यावे लागे, नाहीतर तबकडी लावूनच पाहावी लागे.