ब्राउझरची घटना आणि जेक्वेरीची घटना

जावास्क्रिप्टमध्ये ‘घटना’ या एकाच संज्ञेखाली दोन भिन्न गोष्टी वावरतात : ब्राउझरमध्ये प्रत्यक्ष घडणारी घटना आणि जेक्वेरीसारख्या आज्ञासंग्रहाने केवळ नावाने पुकारलेली घटना. समानार्थी भासणाऱ्या शब्दांतील भेद संदर्भावरून कळतो. येथे मात्र तो यंत्राच्या पोटात दडलेला असतो, आणि गफलत झाली तरी दोषसूचना उमटत नाही.

ब्राउझरची घटना प्रथम दस्तऐवजाच्या मुळापासून लक्ष्यघटकापर्यंत उतरते व बहुधा तेथून पुन्हा वर चढते. वाटेत ‘ॲडइव्हेंटलिसनर’ने नोंदविलेल्या श्रोत्यांना तिची वार्ता मिळते. २००० सालच्या ‘डॉम लेव्हल २ इव्हेंट्स’ या मानकात हा क्रम दिलेला आहे.

जॉन रेसिग यांनी २००६ साली प्रसिद्ध केलेल्या जेक्वेरीची ‘ट्रिगर’ ही पद्धत निराळी आहे. ती स्वतःची नोंदवही पाहून, घटकापासून वर जात, तेथे नोंदलेली फंक्शने चालविते. ‘ऑनचेंज’सारख्या गुणधर्मात ठेवलेले फंक्शनही चालविते. इतर श्रोत्यांची मात्र तिला वार्ताही नसते.

समजा, एखाद्या अर्जात जिल्हा बदलताच तालुक्यांची यादी बदलावयाची आहे आणि ‘चेंज’चा श्रोता ब्राउझरच्या रीतीने नोंदलेला आहे. जिल्ह्याचे मूल्य बदलून जेक्वेरीने ‘चेंज’ पुकारल्यास यादी जुनीच राहील व पुणे जिल्ह्याखाली साताऱ्याचा तालुका नोंदला जाईल. उलट दिशेने अडचण नाही. जेक्वेरी स्वतः ब्राउझरचीच श्रोता असल्यामुळे ‘डिस्पॅचइव्हेंट’ने पाठविलेली घटना तिच्या फंक्शनांपर्यंत पोहोचते.

घटकाजवळ घटनेच्याच नावाची पद्धत असल्यास जेक्वेरी शेवटी तीही चालविते. म्हणून बटणावरील ‘क्लिक’ सर्वांना ऐकू येते आणि भेद नाहीच असा समज होतो. ‘सबमिट’च्या बाबतीत हा समज महागात पडतो. अर्जाची ‘सबमिट’ पद्धत अर्ज पाठविते, परंतु त्या नावाची घटना निर्माण करीत नाही. परिणामी ब्राउझरच्या रीतीने नोंदलेली तपासणी वगळली जाऊन सदोष अर्जही रवाना होतो.

सारांश, वार्ता सर्व श्रोत्यांपर्यंत जावी असे वाटत असल्यास ‘बबल्स’ हा गुण खरा ठेवून ब्राउझरची घटना रचावी व ‘डिस्पॅचइव्हेंट’ने पाठवावी. तीही वापरकर्त्याच्या कृतीची बरोबरी करीत नाही. तिचा ‘इजट्रस्टेड’ हा गुण खोटाच राहतो. पुकारणे, पाठविणे व घडणे या तीन क्रिया वेगळ्या मानल्या की हा घोटाळा टळतो.