पाऊण तासाचा पिझ्झा

काही वर्षांपूर्वी एका परिषदेच्या निमित्ताने शिकागोला जाणे झाले. त्या वेळी पत्नी व दोन्ही मुले बरोबर होती. शिकागोत येऊन ‘डीप डिश’ पिझ्झा न खाता परत जायचे नाही, असा मुलांचा हट्ट होता. हा पिझ्झा त्याच शहरातला. १९४३ साली ओहायो स्ट्रीट आणि वॉबॅश अॅव्हेन्यू यांच्या कोपऱ्यावर आइक सिवेल आणि रिक रिकार्डो यांनी ‘पिझ्झेरिया उनो’ हे उपाहारगृह काढले, तेथून तो लोकप्रिय झाला. मूळ कृती नेमकी कोणाची, यावर मात्र अजून वाद आहे.

आम्ही गेलो ते उपाहारगृह वेगळे. तिथल्या पदार्थांच्या यादीतच ‘४५ मिनिटे थांबावे लागेल’ अशी सूचना होती. आम्ही थांबलो. शेजारच्या टेबलावर नेहमीचा पातळ पिझ्झा मागवला होता. तो दहा-बारा मिनिटांत आलासुद्धा. आठवीतल्या मुलीने लगेच हिशेब केला, “बाबा, आपला पिझ्झा चौपट जाड असणार. म्हणून चौपट वेळ, हो ना?” मी मानेनेच ‘हो’ म्हटले. आकडेही जुळत होते. पण चुकीचे उत्तर दिल्याची रुखरुख मनाला लागून राहिली, आणि रात्री कागद-पेन्सिल घेऊन बसल्यावर चूक स्पष्ट झाली.

मुलीने त्रैराशिक मांडले होते. आपले विद्यार्थीही बहुतेक वेळा तेच करतात, कारण आपण त्यांना तेच सर्वांत जास्त शिकवतो. उष्णतेच्या वहनाला मात्र त्रैराशिक लागू पडत नाही. समजा, पदार्थाची जाडी दुप्पट केली. आता तापवायचे द्रव्य दुप्पट झाले, म्हणून वेळ दुप्पट. शिवाय बाहेरचे तापमान तेच असून आतपर्यंतचे अंतर दुप्पट झाले, म्हणजे तापमानाचा उतार निम्माच राहिला. उतार निम्मा, तर उष्णता आत शिरण्याचा वेगही निम्मा, म्हणून वेळ पुन्हा दुप्पट. दोन दुणे चार! जाडी चौपट असेल तर वेळ सोळापट.

उष्णता पदार्थात किती झपाट्याने पसरते हे सांगणारी एक राशी आहे, तिला उष्णतेची विसरणशीलता म्हणतात. पाणी, टोमॅटो, बटाटा अशा ओलसर पदार्थांसाठी ती सेकंदाला सुमारे ०.१४ चौरस मिलिमीटर असते. (एककातच ‘चौरस’ आहे, हे विद्यार्थ्यांच्या नजरेस आणून द्यावे.) पिझ्झा दोन्ही बाजूंनी तापतो, तेव्हा निम्मी जाडी धरू. १ सेंटिमीटर जाडीच्या पिझ्झ्यात ५ मिलिमीटर आत जायचे. ५ चा वर्ग २५, त्याला ०.१४ ने भागले की सुमारे १८० सेकंद, म्हणजे ३ मिनिटे. ४ सेंटिमीटर जाडीला २० मिलिमीटर. ४०० भागिले ०.१४, म्हणजे सुमारे ४८ मिनिटे. यादीतली सूचना बरोबर होती!

मग पातळ पिझ्झ्याला ३ ऐवजी १०-१२ मिनिटे का? तो लाटून-सजवून भट्टीत जाईपर्यंत काही वेळ जातो, हे एक. दुसरे असे की उष्णता मध्यापर्यंत लवकर पोचली तरी पोळीच्या पृष्ठभागावरचे पाणी उडून ती तांबूस व्हायला हवी, आणि त्यासाठी पृष्ठभाग १४० अंश सेल्सिअसच्या आसपास जावा लागतो. जाड पिझ्झ्यात हे काम आतला भाग शिजण्याची वाट पाहता पाहता उरकते. म्हणजे पातळ पिझ्झ्याचा बराचसा वेळ वेगळ्याच कारणाने गेला होता, आणि चौपटीचा हिशेब जुळला तो योगायोगाने. नेपल्सच्या लाकडी भट्टीत तापमान ४५० अंशांच्या घरात असते. तेथे पृष्ठभाग झटपट भाजतो आणि पातळ पिझ्झा ६० ते ९० सेकंदांत बाहेर येतो. त्या भट्टीत जाड पिझ्झा घातला तर बाहेरून कोळसा आणि आत कच्चा राहील. म्हणून त्याला २२०-२३० अंशच बरे.

त्याची रचनाही या पाऊण तासाला साजेशी आहे. तेल लावलेल्या खोल पोलादी थाळीत कणीक तळाशी व कडांना दाबून बसवतात, तिच्यावर चीजचे काप, मग इतर सामग्री आणि सर्वांत वर ठेचलेले टोमॅटो. नेहमीच्या अगदी उलट! चीज वर असते तर एवढ्या वेळात करपले असते. टोमॅटोत पाणी आहे तोवर त्याचे तापमान १०० अंशांच्या पुढे फारसे जात नाही. ओल्या पांघरुणाखाली चीज सुरक्षित राहते.

पिझ्झा आला. धाकट्याने कडेला बोट लावून पाहिले, ती कोमट होती. त्याने मोठा घास घेतला आणि टाळू पोळून घेतली. जी उष्णता आत जायला पाऊण तास लागला, ती पाच मिनिटांत बाहेर कशी पडणार? शिवाय कडेच्या पावात बरीचशी हवा, तर टोमॅटोत बहुतांश पाणी. तापमान सारखे असले तरी तेवढ्याच आकारमानाचा टोमॅटो कितीतरी जास्त उष्णता जिभेला देतो, आणि चीज तर टाळूला चिकटून बसते. बिचाऱ्याची बाकीची सहल आइस्क्रीमवर गेली.

घरी परतल्यावर मुलीला चूक सांगितली. तिला ती पटेना, म्हणून बटाटे आणले. हा प्रयोग वर्गातही करता येईल. उकळते पाणी मात्र शिक्षकांनीच हाताळावे. सारख्या आकाराचे दोन मोठे बटाटे उकळत्या पाण्यात सोडा. एक २ मिनिटांनी, दुसरा ८ मिनिटांनी काढा, काढताच गार पाण्यात बुडवा (नाहीतर उष्णता आत सरकतच राहते) आणि मधोमध कापा. शिजलेला भाग काहीसा पारदर्शक दिसतो, कच्चा भाग पांढरट. शिजलेल्या कड्याची रुंदी पट्टीने मोजा. वेळ चौपट, तेव्हा त्रैराशिकाने रुंदी चौपट यायला हवी. वर्गाच्या नियमाने दुप्पट.

आमच्याकडे पहिल्यात ४ आणि दुसऱ्यात ९ मिलिमीटर आली. “आठ का नाही?” मुलीने विचारले. बटाटा गोल असल्याने उष्णता सर्व बाजूंनी आत येते आणि आत जावे तसे तापवायचे द्रव्य कमी कमी होते, असे मी सांगितले. सुरणाचा सपाट ठोकळा घेतला तर बरोबर आठ येईल का, असे तिने पुढे विचारले. सुरण अजून आणायचा आहे.