पुण्यातील क्रीडा दुखापती आणि पुनर्वसन

खेळताना, व्यायाम करताना किंवा सराव करताना स्नायू, अस्थिबंध, कंडरा, कूर्चा, सांधे व हाडे यांना होणाऱ्या इजेला क्रीडा दुखापत असे म्हणतात. दुखापतग्रस्त अवयवाची ताकद, हालचाल आणि तोल टप्प्याटप्प्याने पूर्ववत करण्याच्या प्रक्रियेला पुनर्वसन म्हणतात. कुस्ती, कबड्डी, खो-खो, मल्लखांब, क्रिकेट व लांब पल्ल्याची धावणे यांची परंपरा असलेल्या पुणे शहरात या विषयाला दोन धारा लाभल्या आहेत. एक धारा तालमी व क्रीडांगणांची, तर दुसरी जखमी सैनिकांवर उपचार करणाऱ्या लष्करी संस्थांची आहे. वेदना थांबणे आणि दुखापत बरी होणे या दोन वेगळ्या गोष्टी आहेत, हे आधुनिक क्रीडावैद्यकाचे मूलभूत सूत्र आहे. दुखापत पुन्हा होण्याचा धोका या दोहोंमधील काळात सर्वाधिक असतो.

पार्श्वभूमी

पुण्यातील ससून रुग्णालय १८६७ साली सुरू झाले. शारीरिक शिक्षणाच्या प्रसारासाठी १९२४ साली महाराष्ट्रीय मंडळाची स्थापना झाली. चिंचेची तालीम, गोकुळ वस्ताद तालीम यांसारख्या तालमींत पैलवान घडत असत आणि त्यांच्या लहानमोठ्या दुखापतींवर वस्ताद किंवा अनुभवी मालीशवाले उपाय करीत.

संघटित पुनर्वसनाची सुरुवात मात्र युद्धांमुळे झाली. अपंग सैनिकांना व्यवसाय शिकविण्यासाठी पहिल्या महायुद्धाच्या काळात, १९१७ साली, मुंबईत स्थापन झालेली क्वीन मेरीज टेक्निकल इन्स्टिट्यूट ही संस्था पुढे खडकीला हलविण्यात आली. दुसऱ्या महायुद्धात हातपाय गमावलेल्या सैनिकांसाठी १९४४ साली पुण्यात कृत्रिम अवयव केंद्र सुरू झाले. मज्जारज्जूच्या इजेमुळे अधरांगवात झालेल्या सैनिकांसाठी १९७४ साली खडकी येथे पॅराप्लेजिक रिहॅबिलिटेशन सेंटर स्थापन झाले. १९६५ साली डॉ. कां. ह. संचेती यांनी अस्थिरोगांवरील रुग्णालय सुरू केले. मांडी घालून किंवा उकिडवे बसण्याची भारतीय सवय लक्षात घेऊन तयार केलेल्या 'इंडस' या कृत्रिम गुडघ्याशी त्यांचे नाव जोडलेले आहे.

१९९४ च्या राष्ट्रीय क्रीडा स्पर्धांसाठी बालेवाडी येथे श्री शिवछत्रपती क्रीडासंकुल उभारण्यात आले. २००८ साली तेथे राष्ट्रकुल युवा क्रीडा स्पर्धा झाल्या. २००१ साली पुण्यात आर्मी स्पोर्ट्स इन्स्टिट्यूट सुरू झाली. सशस्त्र दल वैद्यकीय महाविद्यालयात क्रीडावैद्यक या विषयाचे पदव्युत्तर शिक्षण दिले जाते.

युद्धातील इजा व खेळ यांचा संबंध मुरलीकांत पेटकर यांच्या उदाहरणातून स्पष्ट होतो. सांगली जिल्ह्यात जन्मलेले पेटकर सैन्यात मुष्टियोद्धा होते. १९६५ च्या युद्धात गोळ्या लागून त्यांना कायमचे अपंगत्व आले. उपचारांचा भाग म्हणून ते पोहण्याकडे वळले आणि १९७२ साली हायडेलबर्ग येथील पॅरालिंपिकमध्ये ५० मीटर मुक्तशैली जलतरणात सुवर्णपदक मिळविणारे पहिले भारतीय ठरले. पुढे त्यांनी पुण्यात टेल्को कंपनीत नोकरी केली. २०१८ साली त्यांना पद्मश्री देण्यात आली. गमावलेली क्षमता पूर्णपणे परत येत नसली, तरी उरलेली क्षमता वाढविता येते, हे पुनर्वसनाचे तत्त्व त्यांच्या कारकिर्दीत दिसते.

दुखापतींचे प्रकार

दुखापतींचे दोन मुख्य गट मानले जातात.

तीव्र दुखापती एका क्षणात होतात. मुरगळणे म्हणजे अस्थिबंध ताणला जाणे किंवा फाटणे, तर स्नायू किंवा कंडरा ताणली जाण्याला लचक भरणे असे म्हणतात. सांधा निखळणे आणि अस्थिभंग हेही याच गटात येतात. कबड्डीत चढाई करणारा खेळाडू पाय रोवून एकदम दिशा बदलतो, किंवा बचावपटू त्याचा घोटा धरून ठेवतात व शरीर मात्र पुढे जाते. अशा वेळी गुडघ्याला पीळ पडून अग्र क्रुशिएट अस्थिबंध, म्हणजेच एसीएल, तुटू शकतो. मातीवर पाय घसरू शकतो, परंतु मॅटवर बुटाची पकड घट्ट असल्यामुळे पिळाचा ताण थेट गुडघ्यावर येतो. कुस्तीत गुडघ्याबरोबरच खांद्याला व मानेलाही धोका असतो.

अतिवापराच्या दुखापती हळूहळू वाढतात. नडगीचे दुखणे, टाचेच्या कंडरेचे विकार, गुडघ्याच्या वाटीभोवतीची वेदना आणि ताणजन्य अस्थिभंग ही त्यांची उदाहरणे होत. १९८३ पासून पुण्यात आंतरराष्ट्रीय मॅरेथॉन भरते. तिच्यासारख्या शर्यतींची तयारी करताना आठवड्याचे अंतर अचानक वाढविणाऱ्या हौशी धावपटूंमध्ये या दुखापती आढळतात.

प्राथमिक उपचार

दुखापत होताच खेळ थांबवावा. विश्रांती, बर्फ, दाबपट्टी आणि अवयव उंच ठेवणे या चार उपायांचे 'राइस' हे सूत्र अमेरिकी डॉक्टर गेब मर्किन यांनी १९७८ साली मांडले. पुढे त्यांनी स्वतःच दीर्घकाळ बर्फ लावणे व संपूर्ण विश्रांती घेणे यांविषयीचे मत बदलले. बर्फामुळे वेदना कमी होते, परंतु ऊती लवकर भरून येते असे सिद्ध झालेले नाही. बर्फ कापडात गुंडाळून एका वेळी १५ ते २० मिनिटे लावावा. थेट त्वचेवर ठेवू नये. पहिले दोन-तीन दिवस शेकणे, चोळणे व मद्यपान टाळावे, कारण त्यांमुळे रक्तस्राव व सूज वाढू शकते.

पुढील लक्षणे असल्यास विलंब न करता रुग्णालय गाठावे : अवयवाचा आकार बदलणे, हाड बाहेर दिसणे, बोटे बधिर, थंड किंवा निळसर होणे, पायावर अजिबात भार न पेलणे, अवयव सतत टणक होत जाऊन असह्य वेदना होणे. मानेला किंवा पाठीला मार लागला असल्यास खेळाडूला उचलून बसवू नये. जागेवर स्थिर ठेवून १०८ या क्रमांकावर रुग्णवाहिका बोलवावी. निखळलेला सांधा मैदानावरच ओढून बसविण्याचा प्रयत्न अप्रशिक्षित व्यक्तीने करू नये. त्यात मज्जातंतू, रक्तवाहिनी किंवा हाड यांना आणखी इजा होऊ शकते.

निदान

दुखापत कशी झाली याचे वर्णन हा निदानाचा पहिला आधार असतो. गुडघ्यात 'कट्' असा आवाज येणे व काही तासांतच सूज येणे हे एसीएल तुटल्याचे लक्षण असू शकते. घोटा मुरगळल्यावर प्रत्येक वेळी क्ष-किरण तपासणी आवश्यक नसते. कॅनडातील डॉक्टरांनी १९९२ साली मांडलेल्या ओटावा नियमांनुसार, घोट्याच्या हाडाच्या मागील कडेवर किंवा टोकावर दाबून दुखत असल्यास, अथवा दुखापतीनंतर लगेच व तपासणीच्या वेळीही चार पावले टाकता येत नसल्यास घोट्याचे क्ष-किरण छायाचित्र घेतले जाते.

क्ष-किरणात अस्थिबंध व कूर्चा दिसत नाहीत आणि बारीक अस्थिभंगही निसटू शकतो. पुण्याचे क्रिकेटपटू ऋतुराज गायकवाड यांच्या कोपराला ३० मार्च २०२५ रोजी गुवाहाटी येथील आयपीएल सामन्यात चेंडू लागला. त्यानंतरही ते सामने खेळले. क्ष-किरणातून निश्चित निष्कर्ष निघाला नव्हता. एमआरआय तपासणीत अस्थिभंग आढळल्यावर ते उर्वरित हंगामाला मुकले. वेदना सहन होते म्हणजे इजा किरकोळ आहे, असे अनुमान काढता येत नाही.

ऊती भरून येण्याचे टप्पे

दुखापतग्रस्त ऊती साधारणतः तीन टप्प्यांत भरून येते. पहिला टप्पा दाहाचा असतो व तो काही दिवस टिकतो. सूज व लाली ही या टप्प्यातील दुरुस्तीची चिन्हे होत. दुसऱ्या टप्प्यात, सुमारे तीन आठवड्यांपर्यंत, नवीन तंतू तयार होतात. ते विस्कळीत व कमकुवत असतात. तिसरा टप्पा पुनर्रचनेचा असून तो काही महिने, प्रसंगी वर्षभरही चालतो. या काळात पडणाऱ्या ताणाच्या दिशेनुसार तंतूंची मांडणी होते. म्हणूनच अजिबात भार न दिल्यास ऊती दुर्बळ राहते आणि अवेळी जास्त भार दिल्यास ती पुन्हा फाटते.

वेदना बहुधा दुसऱ्या टप्प्यातच ओसरते. स्नायूची सौम्य लचक एक ते तीन आठवड्यांत बरी होते. अंशतः फाटलेल्या स्नायूला सुमारे चार ते आठ आठवडे, तर पूर्ण फाटलेल्या स्नायूला तीन महिने किंवा अधिक काळ लागतो. हाताची हाडे साधारण सहा ते आठ आठवड्यांत जुळतात, नडगीच्या हाडाला तीन ते चार महिने लागू शकतात. वय, पोषण, मधुमेह व तंबाखूचे सेवन यांचा या कालावधीवर परिणाम होतो.

उपचार

बहुतेक मुरगळण्या व लचकी शस्त्रक्रियेविना बऱ्या होतात. वेदनाशामक गोळ्या कमी मुदतीसाठी उपयोगी असतात, परंतु दीर्घकाळ घेतल्यास जठर व मूत्रपिंड यांना अपाय करू शकतात. सामन्यापूर्वी वेदना दडविण्यासाठी त्या घेतल्यास शरीराची इशारा देणारी यंत्रणाच बंद पडते. कंडरेजवळ दिलेल्या स्टेरॉइडच्या इंजेक्शनाने तात्पुरता आराम पडतो, मात्र कंडरा कमकुवत होऊन तुटण्याचा धोका असतो. २०२२ पासून स्पर्धेच्या काळात ग्लुकोकॉर्टिकॉइडची सर्व प्रकारची इंजेक्शने जागतिक उत्तेजकविरोधी संस्थेच्या नियमांनुसार निषिद्ध आहेत.

एसीएल पूर्ण तुटल्यास, विशेषतः दिशा बदलाव्या लागणाऱ्या खेळांतील खेळाडूंमध्ये, दुर्बिणीद्वारे शस्त्रक्रिया केली जाते. मांडीच्या मागील कंडरा किंवा वाटीखालील कंडरेचा भाग घेऊन नवा अस्थिबंध बसविला जातो. हा भाग सुरुवातीला मृत ऊतीसारखा असतो. त्यात रक्तवाहिन्या वाढत असताना, पहिल्या काही महिन्यांत, तो काही काळ अधिक दुर्बळ होतो. नेमक्या याच सुमारास रुग्णाला गुडघा बरा झाल्यासारखा वाटतो. बीड जिल्ह्यातील स्टीपलचेस धावपटू अविनाश साबळे जुलै २०२५ मध्ये मोनॅको येथील शर्यतीत पडून गुडघ्याला जखमी झाले व एसीएलच्या शस्त्रक्रियेमुळे त्या वर्षीच्या टोकियो जागतिक स्पर्धेला मुकले.

पुनर्वसन

भौतिकोपचारांचा क्रम सर्वसाधारणपणे पुढीलप्रमाणे असतो :

१. सूज कमी करणे, सांध्याची पूर्ण हालचाल परत मिळविणे व मांडीचा पुढचा स्नायू जागृत करणे.
२. दोन्ही पायांवर, नंतर एका पायावर भार घेऊन ताकद वाढविणे.
३. तोलाचे व्यायाम. अस्थिबंधातील संवेदक मेंदूला सांध्याची स्थिती कळवीत असतात. मुरगळल्यावर ही जाणीव मंदावते व घोटा वारंवार वळू लागतो. एका पायावर, पुढे डोळे मिटून, उभे राहण्याचा साधा व्यायाम येथे उपयुक्त ठरतो.
४. सरळ धावणे, उडी मारून योग्य रीतीने उतरणे, दिशा बदलणे.
५. खेळातील विशिष्ट हालचाली, संपर्काविना व नंतर संपर्कासह सराव.

पैलवानाच्या बाबतीत जोर व बैठका हे मुख्य व्यायाम असल्याने गुडघा पूर्ण दुमडण्याची क्षमता आवश्यक असते. मात्र गुडघ्याच्या शस्त्रक्रियेनंतर पूर्ण बैठका थेट सुरू न करता अर्ध्या बैठकांपासून, वैद्यकीय सल्ल्याने, वाढ केली जाते.

खेळात पुनरागमन

पुनरागमनाचा निर्णय केवळ दिनदर्शिकेवर किंवा केवळ वेदनेवर घेतला जात नाही. दोन्ही पायांची ताकद व एका पायावरील उडी यांची तुलना केली जाते. दुखऱ्या पायाची क्षमता निरोगी पायाच्या किमान ९० टक्के असावी, हा प्रचलित निकष आहे. २०१६ साली प्रसिद्ध झालेल्या डेलावेअर-ऑस्लो अभ्यासात, एसीएल शस्त्रक्रियेनंतर नऊ महिन्यांपर्यंत पुनरागमन लांबविल्यास प्रत्येक महिन्यागणिक पुन्हा दुखापत होण्याचे प्रमाण सुमारे निम्म्याने घटते, असे आढळले. मानसिक तयारीही महत्त्वाची असते. पुन्हा इजा होण्याच्या भीतीने खेळाडू दुसऱ्या पायावर जास्त भार देतो आणि त्यातून नवी दुखापत उद्भवू शकते.

मांडीच्या मागील स्नायूच्या, म्हणजे हॅमस्ट्रिंगच्या, दुखापतीत पुनरावृत्ती विशेष आढळते. पुण्याचे क्रिकेटपटू केदार जाधव ७ एप्रिल २०१८ रोजी मुंबईतील आयपीएल सामन्यात या दुखापतीमुळे मैदान सोडून गेले, पुन्हा परतले व संघाला जिंकून दिले. परंतु उर्वरित हंगामाला मुकले. त्याच वर्षी २८ सप्टेंबरला आशिया चषकाच्या अंतिम सामन्यात त्यांना हॅमस्ट्रिंगचाच त्रास पुन्हा झाला. तेव्हाही ते परतले आणि शेवटच्या चेंडूवर विजय मिळेपर्यंत खेळले. अशा प्रसंगांचे धैर्य म्हणून कौतुक होते. वैद्यकीय दृष्टीने मात्र पूर्वी झालेली दुखापत हाच पुढील दुखापतीचा एक प्रमुख धोका मानला जातो.

पारंपरिक उपचार

तालमीतील मालीश व हाडवैद्यांचे उपचार अजूनही प्रचलित आहेत. कठोर सरावानंतरच्या स्नायूंच्या थकव्यावर मालीशने आराम मिळतो. परंतु ताज्या अस्थिभंगावर चोळणे किंवा बांबूच्या कामट्या घट्ट बांधणे घातक ठरू शकते. रक्तपुरवठा खंडित होऊन अवयव गमावण्याची वेळ येऊ शकते, तसेच हाड वाकडे जुळू शकते. योगासनांचा उपयोग लवचीकता व तोल सुधारण्यासाठी होतो, मात्र ती निदानाला पर्याय नाहीत.

सामाजिक व आर्थिक बाजू

महाराष्ट्रात शासकीय सेवेत गुणवत्ताधारक खेळाडूंसाठी ५ टक्के आरक्षण आहे. ग्रामीण भागातून पुण्यातील तालमींत किंवा अकादमींत आलेल्या तरुणांसाठी एखादी स्पर्धा हीच नोकरीची संधी असू शकते. त्यामुळे दुखापत लपवून खेळण्याकडे कल राहतो. शस्त्रक्रियेचा खर्च कसाबसा उभा केला जातो, पण त्यानंतरचे कित्येक महिन्यांचे भौतिकोपचार, खुराक व राहण्याचा खर्च यांची तरतूद नसते. परिणामी शस्त्रक्रिया यशस्वी होऊनही पुनर्वसन अर्धवट राहते.

प्रतिबंध

सरावापूर्वी शरीर तापविणे, सरावाचे प्रमाण हळूहळू वाढविणे, पुरेशी झोप व आहार आणि योग्य पृष्ठभाग ही प्रतिबंधाची मूलतत्त्वे आहेत. फुटबॉलपटूंसाठी तयार केलेल्या 'फिफा ११+' या सुमारे २० मिनिटांच्या व्यायामक्रमाने दुखापतींचे प्रमाण साधारण एक-तृतीयांशाने कमी झाल्याचे अभ्यासांत दिसले. गुडघ्यांवर बसून, सोबत्याने घोटे धरले असता शरीर हळूहळू पुढे झुकविण्याच्या 'नॉर्डिक' व्यायामाने हॅमस्ट्रिंगच्या दुखापती जवळपास निम्म्याने घटतात. या व्यायामांना महागडी साधने लागत नाहीत. शाळेच्या मैदानावर किंवा तालमीतही ते करता येतात. मात्र ते आठवड्यातून दोन-तीनदा, संपूर्ण हंगामभर नियमित केल्यासच त्यांचा लाभ टिकतो.