बोलीची चाळणी आणि इंग्रजीचा कान

घरी 'साळा', वर्गात 'शाळा'. घरी 'पानी', वर्गात 'पाणी'. सातारा-सांगलीच्या ग्रामीण भागातील अनेक मुले मराठीची अशी दोन रूपे लहानपणापासून वापरतात. राज्यात 2000 पासून पहिलीपासूनच इंग्रजी आल्यावर त्यांच्या कानांवर आणखी एका ध्वनिव्यवस्थेची भर पडली. बोलीमुळे मुलांचे इंग्रजी कच्चे राहते, ही पालकांची भीती कितपत खरी आहे?

भाषाशास्त्रज्ञ निकोलाय त्रुबेत्स्कॉय यांनी 1939 मध्ये प्रसिद्ध झालेल्या ग्रंथात मातृभाषेच्या ध्वनिव्यवस्थेला चाळणीची उपमा दिली होती. परभाषेचे उच्चार या चाळणीतूनच आपल्यापर्यंत पोहोचतात. ती फार लवकर तयार होते. इंग्रजी भाषक घरांतील सहा ते आठ महिन्यांच्या बाळांना हिंदीतील 'त' आणि 'ट' यांच्यातील फरक कळतो. वर्षाच्या आसपास मात्र ही क्षमता बरीच ओसरते, असे जॅनेट वर्कर व रिचर्ड टीस यांनी 1984 मध्ये दाखवून दिले.

बोली बदलली की चाळणीही बदलते. डच शिकणाऱ्या पेरू आणि स्पेनमधील स्पॅनिश भाषकांना डच स्वर वेगवेगळ्या तऱ्हेने ऐकू येतात, असे 2012 मधील एका अभ्यासात आढळले.

सांगली जिल्ह्यातील जत तालुक्यात अनेक गावांत कन्नड बोलली जाते. मराठीत 'ए' एकच. कन्नडमध्ये ऱ्हस्व आणि दीर्घ असे दोन. 'एरडु' म्हणजे दोन, यात तो ऱ्हस्व. 'एळु' म्हणजे सात, यात दीर्घ. इंग्रजीत लेखणी आणि वेदना या अर्थांचे दोन शब्द देवनागरीत 'पेन' असेच लिहिले जातात. त्यांतील फरक कन्नडचा सराव असलेल्या कानाला सोपा जाण्याची शक्यता अधिक.

'साळा-शाळा' यांचे गणित निराळे आहे. दोन्ही ध्वनी मुलाच्या ओळखीचे असतात. परंतु इथे उच्चार बदलला तरी शब्द तोच राहतो. इंग्रजीत 'सी' म्हणजे पाहणे आणि 'शी' म्हणजे ती. हा भेद अर्थ बदलतो, हे मुलाला नव्याने उमगावे लागते. म्हणजेच, दोन बोली येतात एवढ्यानेच कान तयार होत नाही. कोणत्या बोलीत कोणता भेद अर्थ बदलतो, हे महत्त्वाचे ठरते.

चाळणीची छिद्रे पुढेही रुंदावता येतात. 1991 मध्ये प्रसिद्ध झालेल्या एका प्रयोगात अनेकांच्या आवाजांतील शब्दजोड्या ऐकवल्यावर जपानी भाषकांना इंग्रजीतील 'र' आणि 'ल' अधिक अचूक ओळखता येऊ लागले. वर्गातही चुकलेल्या उच्चारावर हसण्याआधी मुलाला तो फरक ऐकू आला का, हे तपासायला हवे. घरची बोली सोडायला लावून त्याचा कान तयार होणार नाही.